चित्त्याचं नाक आणि माझ्या लग्नाची मेंढी

तरुणपणी मी इतका जोरात पळायचो की माझी सावली माझ्यामागून घरी यायची, आणि ती कुंपणाच्या दारात पोचेपर्यंत माझं दूध पिऊन झालेलं असायचं. वांबा गावाच्या खालच्या माळावर हे सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच सगळ्यांना सांगितलं होतं. पाणवठ्यावर मुली दिसल्या की मागे लागलेलं काही असो वा नसो, मी पळायचो. बरोबरीचे गडी मला ‘चित्ता’ म्हणायचे. त्यात कौतुक किती आणि टवाळी किती याचा हिशेब मी कधी मांडला नाही. नाव मिळालं, घेतलं.

पण एकदा घेतल्यावर ते निभावण्यासाठी मी कष्ट मात्र केले. शेळ्या चारताना माणसाला दुसरं काम काय असतं? वारुळावर चढून चित्ता बसायचा, आणि बाभळीखाली बसून मी त्याच्याकडे बघायचो. जनावर असं, की आमच्या देवाने, न्काईने, ते घडवताना डोळ्यांसमोर फक्त वेग ठेवला आणि बाकी सगळीकडे काटकसर केली. डोकं एवढंसं. कंबर अशी की जणू पोट लावायचं राहूनच गेलं. पाय लांबसडक. कणा धनुष्यासारखा, पळताना तो वाकला की मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येऊन पडतात, आणि सुटला की अख्खं जनावर हवेत. नखं इतर मांजरांसारखी म्यानात जात नाहीत, कुत्र्यासारखी बाहेरच, माती धरायला. शेपूट लांब आणि जड. हरणाने डावीकडे वळण घेतलं की ही उजवीकडे फेकायची, म्हणजे तोल जात नाही. डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळ्या रेघा, उन्हाची तिरीप मारायला. दात मात्र सिंहापुढे अगदीच लहान, कारण तोंडातली जागा नाकाने खाल्लेली. नाकपुड्या अशा रुंद की भक्ष्याचा गळा दातांत धरून ठेवायचा आणि तेवढ्या वेळात नाकाने वारा ओढत राहायचं.

हे सगळं पाहून मी स्वतःला त्या मापाचं करायला घेतलं. टायरच्या चपलांना खालून खिळे ठोकले, ती नखं. डोळ्यांखाली कोळशाच्या रेघा ओढल्या. शेपटीचं काम काठीकडे दिलं. वळताना ती उलट्या बाजूला फेकायची, मग त्या बाजूला कोण चालतंय हे त्याने त्याचं बघावं. दातांचं काम आमच्या रीतीनेच झालं होतं. आमच्यात लहानपणी खालचे पुढचे दोन दात काढतात. मी म्हणायचो, ते माझ्या वाऱ्याला वाट करून देण्यासाठी. डोक्याचं तेवढं काही करता आलं नाही. ते आईने दिलं तेवढं मोठं होतं, आणि आत काही नसूनही हलकं नव्हतं.

अशा या चित्त्याचं लग्न ठरलं सिलापनशी.

सिलापन कशी होती ते सांगत बसत नाही, ती आत चहा करते आहे आणि तिचे कान शाबूत आहेत. सांगायचं ते मेंढीचं. नवरदेव सासरी कालवडी नेतो, बैल नेतो, आणि एक मेंढी नेतो. कालवडी बापाच्या, बैल सगळ्या जेवणाऱ्यांचा, मेंढी सासूची. ती पांढरी हवी, शेपूट चरबीने जड हवी, अंगावर जखम नको, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत नवऱ्याकडून ती सासूच्या कुंपणात पोचायला हवी. पोचली की त्या दिवसापासून दोघं एकमेकांना एकाच नावाने हाक मारतात, ‘पाकेर’, मेंढीचं नातं. हाक मारायची ती भिंतीआडून. कारण जावयाने सासूसमोर यायचं नाही, तिने त्याचं तोंड बघायचं नाही, वाटेत गाठ पडली तर एकाने झाडीत शिरायचं. नावही घ्यायचं नाही. माझ्या सासूचं नाव मला ठाऊक आहे, पण ते तुम्हाला इथेही मिळणार नाही.

सिलापनच्या घरात मी सगळ्यांना आवडत होतो असं नाही. तिचा थोरला चुलता लेसिर्मा याला वाटायचं, मुलगी वांबाच्या एका उंटवाल्याला द्यावी. उंटवाला माझ्या बापाच्या वयाचा होता, पण त्याचे उंट तरुण होते. लेसिर्माने चारचौघांत सांगून ठेवलं होतं: रीतीत एक केस इकडचा तिकडे झाला तर हे लग्न मोडलं, आणि उंटवाल्याला त्याच दिवशी निरोप जाईल. थोडक्यात, मेंढी गेली की सिलापन गेली.

निघताना आईने मेंढीच्या गळ्यात उंटाची लाकडी घंटा बांधली. मेंढीच्या मापाची घरात नव्हती. ओंडका कोरून केलेली ती घंटा मेंढीच्या गळ्यापासून छातीपर्यंत लोंबत होती. मी म्हणालो, हे काय ध्यान, सासरचे हसतील. आई म्हणाली, तू मध्येच पळत सुटशील, मग निदान आवाजावरून मेंढी कुठे राहिली ते लेंगेसला कळेल. आई मला ओळखून होती.

लेंगेस माझा करवला. गोल, सावकाश, आणि प्रत्येक झाडाखाली थांबून त्या झाडाला नमस्कार केल्यासारखा बसणारा. कालवडी आणि बैल त्याच्या हाती, मेंढी माझ्या हाती. मी अंगभर गेरू आणि चरबी चोपडलेला, नवी लाल चादर, गळ्यात मण्यांच्या माळा, पायात खिळ्यांच्या चपला, डोळ्यांखाली कोळसा. सासरचं कुंपण दूर टेकाडावर दिसायला लागलं होतं, ऊन चांगलं तापलं होतं, आणि मी लेंगेसला चित्ता कसा पळतो ते काठीने दाखवत होतो, तेव्हा खरा चित्ता गवतातून उठला.

मेंढीने त्याला माझ्याआधी पाहिलं. ती घंटा बडवत माळावरून सुटली. तिच्या मागे तो. मी आयुष्यभर ज्याचं सोंग आणलं ते असं समोरून गेलं की मी तिथल्या तिथे कौतुकाने बघत राहिलो. कणा वाकतोय, सुटतोय, डोकं मात्र पाण्यावरच्या भोपळ्यासारखं एका पातळीत. मेंढी वळली, त्याची शेपूट उलट बाजूला गेली, तोही वळला. मी लेंगेसला म्हणालो, बघ, मी सांगत होतो ना, अगदी असंच. लेंगेस म्हणाला, ती तुझ्या सासूची मेंढी आहे.

तेव्हा कुठे मी चपला मातीत रोवल्या.

“लेतिवा, पळू नकोस,” लेंगेस म्हणाला. “चालत जा. तो आता तिला धरेल आणि धापा टाकत बसेल. एवढ्या उन्हात त्याला लगेच घास घेववणार नाही. तू चालत गेलास तरी वेळेत पोचशील. ढेकूळ मारायचं, ओरडायचं, तो जाईल.”

हे काही गुपित नव्हतं. चित्ता माणसाच्या अंगावर येत नाही. आमच्या मुली त्याला शेणाच्या गोळ्याने हाकलतात. त्याची सगळी ताकद त्या एका धावेत जाते, अंग तव्यासारखं तापतं, आणि मग तो सावली शोधतो. पण मी चालत जायचं?

“लेंगेस, मला लोक काय म्हणतात?”

“म्हणतात खरं. पण ते आपल्यातल्या आपल्यात. त्या जनावराला कुठे माहीत आहे?”

मी पळालो.

सुरुवात फार देखणी झाली असं लेंगेस पुढे सगळीकडे सांगत असे, आणि सुरुवात म्हणजे किती ते दाखवायला तो हात फारसे लांब करत नसे. मग माझ्या उजव्या चपलेचे खिळे एका बाभळीच्या मुळात रुतले. चपलेने थांबायचं ठरवलं, मी नाही. पुढची धाव एका पायात नखं आणि दुसरा पाय उघडा अशी झाली. नखांचा पाय माती धरायचा आणि उघडा काटे धरायचा, त्यामुळे मी सरळ जायला निघालो की माझी वाट आपोआप वाकडी व्हायची. ती सावरायला मी काठी उलट्या बाजूला फेकली. ती गेली ती गेलीच. घामाने कोळसा डोळ्यांत उतरला. सूर्याची तिरीप मेली, हे खरं; सूर्यच दिसेना.

घंटेचा आवाज कोरड्या ओढ्याच्या दिशेने गेला होता आणि मग एकदम थांबला होता. मी ओढ्याच्या काठावरून खाली उतरलो असं म्हणतो. माझ्या अंगावर उतरण्याच्या खुणा नव्हत्या, घरंगळण्याच्या होत्या.

खाली सावलीत दोघं होती. चित्त्याने पुढच्या पायाच्या आकड्यासारख्या नखाने मेंढीला पाडलं होतं. तो आकडा शेपटीच्या चरबीत लागला होता, रेघ होती, रक्त नव्हतं. आणि गळा धरायला म्हणून त्याने तोंड घातलं होतं ते उंटाच्या घंटेवर. त्याचे लहान दात लाकडात घुसले होते. तो ते आवळून धरत होता, नाकाने वारा ओढत होता, आणि मेंढी अजून कशी मरत नाही याचा विचार करत होता. मेंढी आडवी पडून रवंथ करत होती. हे कुणाला खोटं वाटलं तर माझा नाइलाज आहे. मी फक्त पाहिलं ते सांगतो, आणि तेही एका डोळ्याने, दुसऱ्यात कोळसा होता.

आता एक ढेकूळ आणि एक ओरड. बस.

मी ओरडायला तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही. पुढच्या दोन दातांच्या फटीतून फक्त ‘फुस्’ असा आवाज आला, चहाचं आधण खाली उतरवल्यावर येतो तसा. ढेकूळ उचललं, ते हातातून पायावर पडलं. मग मीही पडलो. चित्त्यापासून हातभर अंतरावर, एका झुडपाआड.

तो माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. त्याची छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती, माझीही. जगातल्या सगळ्यात वेगवान जनावराची आणि वांबाच्या खालच्या सगळ्यात वेगवान माणसाची अखेर शर्यत लागली होती, ती अशी: आधी कुणाचा श्वास परत येतो. त्याचा आला तर तो मेंढीला ओढून दाट झाडीत नेणार. माझा आला तर मी नवरदेव. दोघंही जागचे हलत नव्हतो. मी माझं नाक फुगवून पाहिलं. ते आमच्या घराण्यातलं नाक, नुसतं बघायला बरं. त्याच्या नाकपुड्यांतून वारा असा आत जात होता जसा उघड्या दारातून शेळ्यांचा कळप. प्रत्येक श्वासाला तो थोडा थंड होत होता आणि मी थोडा अधिक उंटवाल्याच्या उपयोगी पडत होतो, कारण माझ्या डोळ्यांपुढे त्याच्या लग्नाची तयारी दिसायला लागली होती.

तेवढ्यात वाळूत पावलं वाजली. डोक्यावर काटक्यांचा भारा घेऊन एक बाई ओढ्यातून येत होती. दूध ठेवायच्या भोपळ्यांना आतून धुरी द्यायला लागतात तसल्या काटक्या. लग्नाचं दूध म्हणून चांगल्या निवडून आणलेल्या. लग्न कुणाच्या घरी होतं हे मला ठाऊक असल्यामुळे बाई कोण हेही कळलं.

ती माझी सासू होती.

इथे दुसऱ्या कुठल्या लोकांतला माणूस असता तर म्हणाला असता, मामी, जरा त्या चित्त्याला हाकला. आमच्यातला माणूस मरेल पण तसं म्हणणार नाही. उठून दूर जायला हवं होतं, पाय माझे राहिले नव्हते. म्हणून जे करता आलं ते केलं: चादर डोक्यावरून ओढली आणि झुडपाआड अंग चोरलं. झुडपाला एक पान नव्हतं. लाल चादर, लाल अंग, एक चप्पल. आकाशातल्या गिधाडांनाही मी मोजता आलो असतो.

तिने रीतीप्रमाणे तोंड फिरवलं, गालाशी तळवा धरला, भारा खाली ठेवला, आणि चित्त्याशी बोलायला लागली.

“काय रे ठिपक्या, लग्नघराच्या वाटेत असा आडवा पडलास? पाहुणा म्हणून आलास की काय?”

चित्त्याने एक कान हलवला.

“मेंढी चांगली आहे हो. कुणाची म्हणायची?”

माझ्याशी ती बोलत नव्हती, म्हणून मीही तिच्याशी बोललो नाही. मी चादरीतून चित्त्याला म्हणालो, “बाबा रे... कुणी विचारलं तर सांग... एका नवरदेवाची आहे.” एवढ्याला मला चार श्वास लागले.

“असं होय. आणि नवरदेव कुठे आहे म्हणावं?”

“येतोय म्हणावं. मागून.”

“मागून?” ती चित्त्याला म्हणाली. “मी तर ऐकलं होतं तो फार पळतो. अगदी तुझ्यासारखा पळतो म्हणे, पाणवठ्यावर पोरी दुसरं काही बोलत नाहीत. तू तर पडलायस. तो उभा तरी असेल ना?”

चित्त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी चादर आणखी घट्ट ओढली. आणि मग मला ऐकू आलं की श्वासांचा एक आवाज कमी झाला आहे. चित्त्याचा भाता शांत झाला होता. त्याने पुढचे पाय वाळूत रोवले, मान वर केली, आणि घंटेसकट मेंढीला ओढायला लागला. शर्यत त्याने जिंकली होती. मी चादरीत बसून हरत होतो.

सासूने दोन पावलं टाकली, वाकली, आणि वासराला औषध पाजताना धरतात तसं दोन बोटांत चित्त्याचं नाक धरून दाबलं.

मी इतकी वर्षं त्या जनावराकडे बघत आलो. तिने फक्त नाक दाबलं. सगळा डोलारा, तो कणा, ती शेपूट, ते पाय, सगळं त्या दोन भोकांवर उभं होतं. चित्त्याचे डोळे मोठे झाले. त्याने थोडं सोसलं, मग तोंड उघडलं. घंटा सुटली. मेंढी उठली, अंग झाडलं आणि तिच्या पायाशी जाऊन उभी राहिली, जशी काही तिथेच जन्मली होती.

“बघ बाबा ठिपक्या,” सासू म्हणाली, “उन्हं कलली. कुणाची का असेना, ही अशी उघड्यावर टाकून जाणं बरं नाही. मी नेते. ज्याची असेल त्याने दारात येऊन सांगावं.”

मी चादरीत थंड पडलो. मेंढी द्यायची असते. ती सासूला वाटेत सापडली, सासूने स्वतः हाकत घरी नेली, तर दिली कुणी? हे मला तिला सांगता येत नव्हतं, आणि तिला माझ्या हातात मेंढी परत देता येत नव्हती. घंटा टेकाडाच्या दिशेने वाजत गेली. चित्ता मागच्या पायांवर बसून नाक चाटत राहिला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पुन्हा पाहिलं नाही.

लेंगेस कालवडी घेऊन आला तेव्हा मी उठून बसलो होतो. माझी राहिलेली चप्पल आणि काठी त्याने वाटेत गोळा केली होती, ती माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “चालत गेला असतास तर?”

कुंपणाच्या दारात वडीलधारी मंडळी बसली होती. लेसिर्माने जनावरांवरून काठी फिरवली. कालवडी, बैल. “मेंढी?”

मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, गेरूवर वाळू बसून मी बारीक मिठात घोळवल्यासारखा दिसत होतो. मी सांगत असताना मंडळी इतकी हसली की एका आजोबांना पाणी द्यावं लागलं. लेसिर्मा हसला नाही. तो सगळे गप्प होईपर्यंत थांबला आणि शांतपणे म्हणाला की मेंढी आत आहे, हे खरं. पण ती या मुलाने दिलेली नाही. ती चित्त्याच्या तोंडातून आली. ज्याच्याकडून मेंढी आली तो पाकेर, आणि पाकेर तो जावई. मग जावई चित्ता ठरतो. चित्त्याला मुलगी देता येत नाही, तेव्हा लग्न मोडलं. वांबाला माणूस पाठवा.

यात खोट काढायला कुणाला जागा दिसेना. सिलापनच्या बापाने तपकिरीची चिमूट नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. शेवटी तो म्हणाला की मेंढी जिला मिळाली तिला तर विचारा. घराच्या भिंतीजवळ जाऊन लेसिर्माने आवाज दिला. आत गाईच्या कातड्यामागे माझी सासू होती. मी पाठ फिरवून उभा राहिलो. मला तेव्हा आत कुठेतरी बसलेली सिलापन दिसत नव्हती, पण ती ऐकते आहे हे कळत होतं.

लेसिर्माने विचारलं, मेंढी तुला कुणी दिली?

“भावजी,” भिंतीमागून आवाज आला, “मी खरं तेच सांगते. ओढ्यात सावलीत एकजण पडला होता. तोंड उघडं, छाती धडधडतेय, उठायची ताकद नाही, अंगाला वाळू. त्याच्याजवळून मी मेंढी घेतली. पण भावजी, असे तिथे दोघं होते.”

“दोघं? मग त्यातला कोण?”

“ते कसं सांगू? मी दोघांच्याही तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांतला एक माझा जावई होता असं आता तुम्हीच म्हणता. मग नाही पाहिलं तेच बरं झालं ना?”

“अगं, पण नीट बघायला नको का, कोण माणूस आणि कोण...” असं लेसिर्मा बोलून गेला आणि मध्येच थांबला. कारण सिलापनच्या बापाने तपकीर खाली ठेवली होती.

“दादा,” तो म्हणाला, “माझ्या बायकोने जावयाच्या तोंडाकडे टक लावून बघायला हवं होतं, असं तुम्ही म्हणताय?”

दारातली सगळी मंडळी लेसिर्माकडे बघायला लागली. आयुष्यभर रीत सांगणारा माणूस स्वतः त्या रीतीत गळ्यापर्यंत अडकला होता. त्याने बराच वेळ काठीने माती उकरली. पण तो म्हातारा पक्का होता. त्याने मान वर केली.

“ठीक आहे. हक्क दोघांचा सारखा. दोघांपैकी जो दारात येऊन मागेल तो जावई. हा आला आहे. दुसरा यायचा आहे. सूर्य मावळेपर्यंत वाट बघू.”

आणि आम्ही खरोखर वाट बघत बसलो. लग्नाला आलेली सगळी माणसं माळाकडे तोंड करून ओळीने बसली. बायका कुंपणातून बघत होत्या. कुणीतरी मध्येच म्हणालं, येईल हो, त्याला काय उशीर, तो पळत येईल. मला हसू येत नव्हतं. कारण दूर एका वारुळावर तो येऊन बसला होता. सूर्य त्याच्या मागे, कान उभे, तोंड आमच्याकडे. लेसिर्माने डोळ्यांवर हात धरला आणि पहिल्यांदाच तो प्रसन्न दिसला.

चित्ता वारुळावरून उतरला. आमच्या दिशेने थोडा चालला, आपल्या सावकाश चालीने, खांदे हलवत. मी मनातल्या मनात मान्य केलं की चालण्यातही तो माझ्यापेक्षा बरा दिसतो. त्याला पळायचं असतं तर माझी पापणी लवायच्या आत तो कुंपणाच्या दारात असता, आणि नियमाने मला त्याला वाट द्यावी लागली असती. तो थांबला. त्याने बसून एक पुढचा पाय चाटला. मग नाक चाटलं. वाटतं, ते नाक अजून दुखत असावं आणि या घराशी सोयरीक करावी की नाही याचा तो विचार करत असावा. त्याने मोठी जांभई दिली, वळला, आणि गवतात गेला.

सूर्य माळापलीकडे उतरेपर्यंत कुणी हललं नाही. मग लेसिर्मा उठला, दारातला काटेरी फांद्यांचा अडसर त्याने स्वतः बाजूला ओढला आणि म्हणाला, “ये आत, जावई. दुसरा फिरकला नाही.” त्याने मला त्यानंतर मुलासारखं वागवलं, उंटवाल्याचं नाव पुन्हा कधी काढलं नाही.

म्हणजे जन्मभर चित्त्याशी बरोबरी सांगितली, आणि जिंकलो ते तो आला नाही म्हणून.

लग्न झालं, बैल कापला गेला, दूध वाटलं गेलं. सिलापनला घेऊन मी घरी निघालो तेव्हा तिने रीतीप्रमाणे मान खाली घातली होती आणि मागे वळून बघत नव्हती. बऱ्याच वेळाने, माळ ओलांडून झाल्यावर, मी तिला विचारलं की काल आत बसून तुला भीती वाटत होती का, तो आला असता तर?

ती मान खाली ठेवूनच म्हणाली, “आला असता तर मी एकदा विचार केला असता. कंबर बघितलीस त्याची?”